आधी नाव, मग औषध

झाड वाळू लागले की आपण फवारणीचा पंप उचलतो. ते कशाने वाळते आहे, हे विचारायला थांबत नाही. अमेरिकेतील चेस्टनटच्या जंगलांची शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आणि कोकणातील काजूच्या बागा आपल्याला एकच धडा देतात.

दिवाळीच्या आधी सुक्या मेव्याच्या दुकानात आपण भाव विचारतो, एखादा दाणा तोंडात टाकून पाहतो आणि पाव किलो बांधून घेऊन घरी येतो. बदाम, अक्रोड, पिस्ते, काजू हे सगळे झाडावर येते हे ठाऊक असले, तरी त्या झाडांची विचारपूस करण्याचे आपल्याला काही कारण नसते. ज्वारी एका हंगामात बुडाली तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. कठीण कवचाच्या फळांच्या झाडांचे तसे नाही. आजोबांनी लावायचे आणि नातवंडांनी खायचे, असा तिथला हिशेब. बँकेच्या भाषेत ती दीर्घ मुदतीची ठेव. मात्र ही ठेव मुदतीआधी मोडली तर नुसते व्याज बुडत नाही, मुद्दलही जाते.

या ठेवीवर टपलेल्या रोगांत एक रोग फार चिवट आहे. खोडावर किंवा फांदीवर साल एका जागी काळवंडते, खचते किंवा फुगते, मग चिरते. कधी त्यातून डिंक गळतो. भोवतालची जिवंत साल त्या मेलेल्या तुकड्याला वेढून टाकू पाहते. ते जमले नाही की व्रण पसरत जातो. व्रणाने खोडाला पुरता विळखा घातला की त्याच्या वरचे सगळे वाळते. इंग्रजीत या व्रणाला कँकर म्हणतात. आपल्या लिंबूबागायतदारांना हा शब्द नवा नाही. लिंबावरच्या कँकरला ते खैऱ्या म्हणतात. पण पहिली मेख इथेच आहे. लिंबावरचा खैऱ्या जिवाणूंमुळे होतो, तर अक्रोड, बदाम, चेस्टनट यांच्या खोडांवरचे अनेक व्रण बुरशीमुळे होतात. नाव एक, आरोपी वेगळे.

बरे, बुरशी म्हटली तरी कोणती? एकाच व्रणावर एका वेळी कितीतरी प्रकारच्या बुरशा सापडतात. त्यांतली एखादी खरी मारेकरी असते. बाकीच्या मढ्याच्या टाळूवरचे लोणी खायला जमलेल्या असतात. काही बुरशा तर धडधाकट झाडाच्या सालीतही गुपचूप राहत असतात आणि झाड अशक्त झाले की डोके वर काढतात. घटनास्थळी सापडला म्हणजे तोच गुन्हेगार, हा न्याय पोलीस चौकीत चालत नाही, तसा सालीखालीही चालत नाही.

मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. सदतीस वर्षे बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण बँकेत ओळख पटवणे हेच माझे रोजचे काम होते. चेकवरची सही आणि नमुना सही शेजारी ठेवून पाहायची, खातेदार तोच आहे ना याची खात्री करायची, आणि खात्री झाल्याशिवाय पैसा हलवायचा नाही. म्हणून बुरशीची ओळख पटवणाऱ्यांच्या खटाटोपाविषयी वाचताना मला ती मंडळी आपल्याच खात्यातली वाटली. त्यांची ओळख पटायला उशीर झाला तेव्हा काय घडले, त्याचा सर्वांत मोठा दाखला अमेरिकेत आहे.

ब्राँक्सचे वनपाल

१९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील प्राणिसंग्रहालयाचे मुख्य वनपाल हर्मन मर्केल यांना आवारातली चेस्टनटची झाडे वाळताना दिसली. चेस्टनट म्हणजे आपला शिंगाडा नव्हे. शिंगाड्याला इंग्रजीत वॉटर चेस्टनट म्हणतात, एवढाच त्यांचा संबंध. अमेरिकन चेस्टनट हा ओकच्या कुळातला प्रचंड वृक्ष. मेनपासून थेट जॉर्जियापर्यंत ॲपलेशियन डोंगररांगांवर त्याचे राज्य होते. त्याचे लाकूड सहजी कुजत नसे, म्हणून रेल्वेचे स्लीपर, तारेचे खांब, कुंपणे, घरांच्या तुळया त्याच्याच. कातडी कमावायला लागणारे टॅनिन त्याच्यातूनच मिळे. शरद ऋतूत डोंगरातली गरीब कुटुंबे त्याची फळे पोत्यांनी वेचत आणि त्या पैशांतून मुलांचे बूट आणि शाळेचे सामान येई. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत हिरडा गोळा करणाऱ्या कुटुंबांना हे अर्थशास्त्र समजावून सांगावे लागणार नाही.

मर्केल यांनी सालीचे नमुने वॉशिंग्टनला कृषी खात्याकडे धाडले. तिथल्या बुरशीतज्ज्ञ फ्लोरा पॅटरसन यांनी ती सायटोस्पोरा जातीची बुरशी असावी असे कळवले. ही ओळखीची मंडळी. बहुधा आधीच दुबळ्या झालेल्या झाडांवर येणारी. मर्केल यांनी रोगट फांद्या छाटल्या, बोर्डो मिश्रण फवारले. झाडे मरतच राहिली. तेव्हा ते शेजारच्याच न्यूयॉर्क वनस्पती उद्यानात विल्यम मरिल या बुरशीतज्ज्ञाकडे गेले.

मरिल यांनी काय केले, ते समजून घेण्यासारखे आहे, कारण आजही हाच राजमार्ग आहे. रोगी सालीतून, विशेषतः मेलेला आणि जिवंत भाग जिथे भेटतो त्या सीमेवरून, छोटे तुकडे घ्यायचे. वरचा उपटसुंभ जीवजंतूंचा थर मारून टाकायचा आणि तुकडे काचेच्या ताटलीत बुरशीला मानवेल अशा खुराकावर ठेवायचे. त्यातून जे उगवेल ते वेगवेगळे करून शुद्ध रूपात वाढवायचे. मग ती शुद्ध बुरशी निरोगी झाडाच्या सालीत टोचायची आणि वाट पाहायची. तसाच व्रण उमटला, तर त्या नव्या व्रणातून बुरशी पुन्हा काढायची आणि ती पहिल्यासारखीच आहे हे ताडून पाहायचे. एवढे सगळे जुळले तरच आरोप सिद्ध. क्षयाचे आणि कॉलऱ्याचे जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांच्या नावाने ही कसोटी ओळखली जाते. कॉलऱ्याच्या शोधात हेच कॉख १८८३ च्या अखेरीस कोलकात्यात आले होते.

चेस्टनटच्या बाबतीत कसोटी पुरी झाली. सालीवर टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी ठिपके, सालीखाली पंख्यासारखी पसरलेली फिकट बुरशी, ओल्या हवेत ठिपक्यांतून बाहेर येणारे बीजाणूंचे नारिंगी धागे, अशी तिची लक्षणे नोंदली गेली. मरिल यांनी १९०६ साली ती शास्त्राला नवी असल्याचे जाहीर केले आणि डायपोर्थे पॅरासिटिका असे तिचे नामकरण केले. पुढे ती एंडोथिया झाली आणि १९७८ पासून क्रायफोनेक्ट्रिया पॅरासिटिका म्हणून ओळखली जाते. लग्न होऊन सासरचे नाव बदलत जावे तसे हे, माणूस तोच.

घरचा की बाहेरचा?

गुन्हेगार सापडला, नाव मिळाले. मग अडले कुठे? अडले ते त्याच्या गावाच्या पत्त्यावर. ही बुरशी अमेरिकेतलीच जुनी आहे की कुठून आली आहे, यावर तज्ज्ञांत कडाक्याचे वाद झाले. कनेक्टिकटचे जॉर्ज क्लिंटन आणि त्यांच्या बाजूचे लोक म्हणत, बुरशी इथलीच आहे. दुष्काळाने आणि कडक थंडीने झाडे खचली म्हणून तिचे फावले. दुसरी बाजू म्हणे, हा परका आहे. त्याला इथली झाडे ओळखत नाहीत म्हणून ती मरतात.

हा वाद नुसता विद्वानांचा नव्हता. पहिले खरे असेल, तर पाऊसपाण्याची वाट पाहायची. झाडे आपली आपण सावरतील. दुसरे खरे असेल, तर बाहेरून येणारी रोपे त्याच दिवशी थांबवायची. निदानावर धोरण टांगलेले होते आणि निदान टांगणीला लागले होते.

दरम्यान पेनसिल्व्हेनिया राज्याने कंबर कसली. १९११ साली खास मंडळ नेमले, त्याला २ लाख ७५ हजार डॉलर दिले. निरीक्षक रानोमाळ हिंडू लागले, रोगी झाडे तोडून साली जाळू लागले. पण बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर उडत होते, पावसाच्या थेंबांबरोबर उतरत होते, किड्यांच्या आणि पाखरांच्या अंगाला चिकटून फिरत होते. त्या काळात एका छोट्या सुतार पक्ष्याच्या अंगावरचे बीजाणू मोजले, तर ते सात लाखांच्या वर भरले. अशा प्रवाशाला कुऱ्हाड काय अडवणार? १९१३ साली मंडळ गुंडाळले गेले.

हे वाचताना आपल्याला मुंबई-पुण्याच्या प्लेगची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. मुंबईत साथ आली १८९६ साली. पण तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसांकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवले १८९८ साली, आणि ते सर्वांच्या गळी उतरायला आणखी काही वर्षे गेली. तोवर घरे धुतली गेली, माणसे छावण्यांत नेली गेली, सामानसुमान जाळले गेले. अर्धवट ओळखीवर चालवलेली सक्ती किती महाग पडते, ते पुण्याने पाहिले आहे.

चेस्टनटच्या पत्त्याचा छडा अखेर लावला तो एका भटक्याने. फ्रँक मेयर हा मूळचा हॉलंडचा, अमेरिकन सरकारसाठी चीनमध्ये नवनवी झाडे शोधत पायी हिंडणारा. १९१३ साली त्याला वॉशिंग्टनहून रोगट सालीचा नमुना गेला आणि विचारणा झाली, असे तिकडे कुठे दिसते का? चीनच्या भिंतीच्या बाजूच्या मुलखात त्याला ते दिसले. चिनी चेस्टनटच्या झाडांवर तेच व्रण होते. पण झाडे उभी होती. रोग त्यांच्या अंगवळणी पडला होता. मेयरने साल पाठवली. वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत तिच्यातली बुरशी वाढवून अमेरिकन झाडात टोचली आणि तोच जीवघेणा व्रण उठला. पुढे १९१५ साली मेयरला जपानमध्येही तीच बुरशी सापडली. १८७६ पासून न्यूयॉर्कच्या रोपवाटिकांत जपानी चेस्टनटची रोपे येत होती आणि टपालाने घरोघर जात होती. नंतरच्या जनुकीय अभ्यासांनीही मुख्यतः जपानकडेच बोट दाखवले आहे. म्हणजे मर्केल यांनी पहिले झाड पाहिले, त्याच्या कितीतरी आधीच पाहुणा घरात शिरला होता.

उत्तर बरोबर आले, पण फार उशिरा. १९५० सालापर्यंत जवळजवळ सगळे चेस्टनटचे रान रोगाने व्यापले. तीन ते चार अब्ज झाडे गेली असा अंदाज केला जातो. या आणि अशा काही अनुभवांतून अमेरिकेने १९१२ साली परदेशी रोपांवर निर्बंध घालणारा कायदा केला. आपल्याकडेही १९१४ साली घातक कीटक व किडींविषयीचा कायदा आला. विमानतळावर सामानातली रोपे-बियाणी कोणी काढून घेतली की आपण चिडतो. त्या नियमामागे एवढी मोठी मसणवाट आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

नमुना सही

बँकेत नमुना सहीचे कार्ड असते, तसे बुरशीचेही असते. एखाद्या बुरशीला पहिल्यांदा नाव देणारा अभ्यासक त्या बुरशीचा सुकवलेला नमुना संग्रहालयात ठेवतो. पुढे कुणाला शंका आली की तो नमुना काढून ताडून पाहायचे. पूर्वी हे काम सूक्ष्मदर्शकाखाली चाले. बीजाणूचा आकार, त्यातले पडदे, रंग, ताटलीत वाढताना येणारी छटा पाहायची. पण वेगवेगळ्या कुळांतल्या बुरशाही सालीवर जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. म्हणून आता डीएनए वाचतात. त्यातला आयटीएस नावाचा एक ठरावीक तुकडा २०१२ साली बुरशांच्या ओळखीचा अधिकृत पट्टा म्हणून सुचवला गेला, दुकानातल्या डब्यावरच्या काळ्या रेघांसारखा. तरी काही घराण्यांत तो एक पट्टा पुरत नाही. आणखी दोन-तीन जनुके वाचावी लागतात. आणि एवढे करूनही हाती लागते ते फक्त नाव. रोग तिनेच केला हे सिद्ध करायला कॉख यांचा जुना रस्ता अजून चुकलेला नाही.

ओळख पटल्याने पारडे उलट फिरल्याचेही उदाहरण आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात या शतकाच्या सुरुवातीला काळ्या अक्रोडाची झाडे मरू लागली. दोष दुष्काळावर गेला. २००८ साली कोलोरॅडोच्या अभ्यासकांनी साल सोलून पाहिली, तर आत असंख्य बारीक व्रण. तिळाएवढा एक भुंगेरा साल पोखरत होता आणि आपल्या अंगावरून एक बुरशी आत नेत होता. एकेक व्रण क्षुल्लक, पण हजारो एकत्र आले की झाड आटोपते. रोगाचे नावच पडले सहस्रव्रण रोग. बुरशीला २०११ साली जिओस्मिथिया मॉर्बिडा हे नाव मिळाले. चेस्टनटचा अनुभव गाठीशी असल्याने सर्वांना वाटले, हाही परदेशी असणार. पण पश्चिमेकडच्या बुरशीच्या डीएनएमध्ये पुष्कळ विविधता सापडली. नुकत्याच आलेल्या पाहुण्याच्या घराण्यात एवढी विविधता नसते. म्हणजे ही बुरशी तिथलीच, कैक पिढ्यांची रहिवासी. पहिल्या खटल्याचा निकाल दुसऱ्या खटल्याला लावता येत नाही तो असा.

नुसती जात ओळखून भागत नाही, याचा दाखला युरोपने दिला. चेस्टनटचा रोग १९३८ साली इटलीत जिनोव्हाजवळ सापडला. आता इथलीही राने जाणार असे सगळ्यांनी धरले. पण १९५० च्या सुमारास अंतोनियो बिरागी यांना काही झाडांचे व्रण आपोआप भरत आलेले दिसले. पुढे फ्रान्सच्या झाँ ग्रांत यांनी अशा व्रणांतून बुरशी काढली, तर ती नारिंगीऐवजी पांढुरकी आणि मवाळ निघाली. त्या बुरशीलाच एका विषाणूची बाधा झालेली होती. चोरावर मोर. ही आजारी बुरशी व्रणावर लावली की तिचा विषाणू मारक बुरशीत जातो आणि तिची नांगी मोडतो. युरोपात याचा चांगला उपयोग झाला. अमेरिकेत फारसा झाला नाही. कारण विषाणू एका वाणातून दुसऱ्यात जायला ते दोन वाण एकमेकांशी जुळावे लागतात, आणि अमेरिकेतल्या बुरशीत न जुळणारे वाण फार. पत्रिका जुळल्याशिवाय कार्य होत नाही.

अलीकडचा प्रसंग तर माझ्यासारख्या बँकवाल्याच्या काळजाचा ठोका चुकवणारा आहे. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूजच्या शास्त्रज्ञांनी गव्हातले एक जनुक चेस्टनटमध्ये घातले. बुरशी सालीत ऑक्झॅलिक आम्ल सोडते. हे जनुक त्या आम्लाची धार काढून टाकते. या झाडाचा डार्लिंग ५८ नावाचा वाण रानात लावण्याची परवानगी मागितली होती. २०२३ च्या डिसेंबरात उघड झाले की वर्षानुवर्षे तपासली गेलेली झाडे डार्लिंग ५८ नव्हतीच. ती डार्लिंग ५४ होती. कुठेतरी नावांची अदलाबदल झाली होती. अमेरिकन चेस्टनट फाउंडेशन या संस्थेने आपला पाठिंबा काढून घेतला. बुरशीची ओळख शंभर वर्षे पक्की करत आणली आणि झाडाच्या चिठ्ठीपाशी घोटाळा झाला!

आपल्या काजूच्या बागेत

आता आपल्या घरी येऊ. काजू हाही परदेशी पाहुणा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेला. कोकण-गोव्यात तो असा रुजला की आता त्याला कुणी परका म्हणणार नाही. १९९० साली रोजगार हमी योजनेला जोडून फळबाग लागवडीची योजना आली आणि वरकस जमिनींवर, कातळाच्या कडेला काजूची कलमे उभी राहिली. त्या दशकात मी दक्षिण कोकणातल्या एका शाखेत होतो. कर्जदारांत एक वयस्क बागायतदार होते. गावात त्यांना सगळे तात्या म्हणत. एके दिवशी ते पिशवीतून वाळक्या फांद्या घेऊनच शाखेत आले आणि माझ्या टेबलावर ठेवल्या.

“सायबानु, झाडां सुकतत. काय झाला ता कळना नाय.”

औषध काय मारले, असे विचारले. “दुकानदारान दिल्यान ता मारलंय. तीन वेळा मारलंय, पण सुकतत ती सुकततच.”

दुकानदाराने काय दिले होते, ते तात्यांना सांगता आले नाही. बाटली संपली होती. योगायोगाने कृषी विद्यापीठाचे एक तज्ज्ञ त्या आठवड्यात गावात यायचे होते. तात्या त्यांना बागेत घेऊन गेले, मीही गेलो. पहिल्या झाडाच्या बुंध्याशी डिंक होता. तज्ज्ञांनी साल खरवडली, तर भुसा आणि बोटभर अळी. खोड पोखरणारा रोठा. बुरशीचा संबंध नाही. दुसऱ्या झाडाची एक फांदी शेंड्याकडून वाळत होती आणि तिच्या सालीवर गुलाबी पापुद्रा चढला होता. हा पावसाळ्यात येणारा गुलाबी रोग, म्हणजे बुरशी. तिसऱ्या झाडाचे नुसते कोवळे शेंडे करपले होते. तो ढेकण्या नावाच्या किड्याचा प्रताप; तो रस शोषतो आणि त्याने केलेल्या जखमांतून मागाहून बुरशाही शिरतात.

एका बागेत तीन मारेकरी, आणि औषध मात्र एकच मारलेले. रोठ्याची अळी काढून बुंधा स्वच्छ करावा लागतो. गुलाबी रोगाची फांदी निरोगी भागापर्यंत कापून कापाला बोर्डोपेस्ट लावावी लागते. ढेकण्यासाठी पालवी आणि मोहोराची वेळ साधावी लागते. बोर्डोने अळी मरत नाही आणि कीटकनाशकाने बुरशी हटत नाही. तात्यांच्या तीन फवारण्यांचा खर्च कर्जात धरला गेला. त्यावर व्याजही चढले. आमच्या छापील अर्जात ‘नुकसानीचे कारण’ असा एक रकाना असे. त्यात सगळेजण एकच शब्द लिहीत: रोगराई. त्या एका शब्दाखाली किती निरनिराळी मरणे झाकली जात, याची चौकशी वरच्या कार्यालयातून कधी झाली नाही.

हे फक्त काजूचे नाही. नागपूरकडच्या संत्र्याच्या बुंध्यातून डिंक वाहतो, त्याला डिंक्या म्हणतात. तो करणारा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा दिसणारा, पण शास्त्राच्या लेखी खऱ्या बुरशांत न मोडणारा जीव आहे. खऱ्या बुरशांवर चालणारे कार्बेन्डाझिमसारखे औषध त्याच्यावर चालत नाही. ‘बुरशीनाशक द्या’ असे म्हणून घेतलेली पुडी तिथे मातीत जाते. आणि नुसती वाया जाते असेही नाही, ती मातीत आणि पाण्यातही उतरते.

तपासणीचा खर्च

माणसाला ताप आला तर पूर्वी डॉक्टर अंदाजाने बाटली भरून देत. आता मलेरिया की डेंग्यू, हे रक्त तपासून ठरवतात आणि आपण त्याचे पैसे देतो. मातीच्या बाबतीतही सरकारने २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिका आणली. खत टाकण्याआधी माती तपासावी, हे तत्त्व आपण मान्य केले. मग झाडाला औषध मारण्याआधी रोग तपासावा, हे तत्त्व मान्य करायला काय हरकत आहे?

काहीजण म्हणतील, आता मोबाइल आहे. फोटो काढला की रोगाचे नाव येते. २०२४ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कीड निगराणी प्रणाली सुरू केली. तिच्यातही फोटोवरून कीड ओळखण्याची सोय आहे. पानावर बसलेल्या किड्यासाठी हे उत्तमच. पण खोडावरच्या व्रणाचा फोटो म्हणजे चेहरा झाकलेल्या माणसाचा फोटो. लक्षण दिसते, कारण सालीच्या आत असते. तिथे चाकू, ताटली, सूक्ष्मदर्शक आणि प्रशिक्षित डोळा यांना पर्याय नाही.

हे सगळे आपल्याकडे नाही, असे नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशांचा राष्ट्रीय संवर्धन संग्रह आहे आणि थोर बुरशीतज्ज्ञ आजरेकर यांच्या नावाचे सुकवलेल्या नमुन्यांचे संग्रहालयही आहे. गंमत म्हणजे आघारकरांच्या नावाची ही संस्था आगरकरांच्या नावाच्या रस्त्यावर उभी आहे. ओळख नीट पटवण्याचे महत्त्व तिच्या पत्त्यातच लिहिलेले आहे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आहे, वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र आहे, देशभर सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत. तुटलेला आहे तो मधला धागा: बागेतल्या सालीचा तुकडा प्रयोगशाळेच्या ताटलीपर्यंत आणि तिथला निकाल परत बागेपर्यंत वेळेत पोहोचवणारा. प्रत्येक तालुक्याच्या गावी एक सूक्ष्मदर्शक, तो वापरायला शिकलेली एक व्यक्ती आणि मोठ्या प्रयोगशाळेकडे नमुने पाठवण्याची ठरलेली वाट, एवढी मागणी अवाजवी नाही. कर्ज देणाऱ्या बँकांनी आणि विमा कंपन्यांनी ‘रोगराई’ हा शब्द अर्जातून हद्दपार करून रोगाचे नाव मागायला सुरुवात केली, तर हा धागा लवकर जुळेल. पैसा मागतो तेव्हा यंत्रणा हलते, हे मी सदतीस वर्षे पाहिले आहे.

तोवर आपणही काही करू शकतो. या वाचकांतील अनेकांचे गावी घर आहे, परसात दोन झाडे आहेत, कुणाची काजूची बाग आहे. पुढच्या खेपेला फांदी वाळलेली दिसली, तर पंप शोधण्याआधी धारदार चाकू घ्या. भुसा आहे का, अळी आहे का, पापुद्रा आहे का, ते पाहा. काहीच कळले नाही तर जिवंत आणि मेलेली साल जिथे मिळते तिथला तुकडा काढा. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, घाम धरून कुजेल. कागदाच्या पाकिटात घाला. वर झाडाचे नाव, गाव, तारीख आणि आधी काय फवारले ते लिहा, आणि जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात नेऊन द्या. पावती मागा. निकाल येईपर्यंत चाकू उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.